नाइन-बॉलचे साधे शॉट पुस्तकात इतक्या उशिरा का आले?



पूल शिकायला लागलेल्या माणसाला महिनाभरात एक गोष्ट कळते. समोरचा बॉल पॉकेटमध्ये घालणं जमू लागतं, पण आपला पांढरा बॉल मात्र भलतीकडेच जाऊन बसतो. नाइन-बॉलमध्ये ही चूक फार महाग पडते. टेबलावर १ ते ९ क्रमांकाचे बॉल असतात आणि दर वेळी पांढऱ्या बॉलने सर्वांत लहान क्रमांकाला आधी लागायचं. हा नियम पाळून जो ९ नंबर पॉकेट करतो, तो जिंकतो. म्हणजे पुढचा बॉल कोणता, यात निवडच नाही. खरं कसब १ नंबर घालताना पांढरा बॉल २ नंबरसाठी योग्य जागी आणण्यात आहे.

त्यासाठी लागणारे शॉट मोजकेच. पांढरा जागच्या जागी थांबवायचा, पुढे न्यायचा, मागे ओढायचा, नाहीतर कुशनला लावून टेबलाच्या मध्यावर आणायचा. डावामागून डाव हेच येत राहतात. मग त्यांचा सराव कसा करावा, हे कोणी, कधी लिहून ठेवलं? या खेळावरची पुस्तकं दोनशे वर्षांपासून आहेत, पण हे साधे शॉट त्यांत नीट यायला विसावं शतक संपत आलं. त्याची कारणं शोधायला आधी पॅरिसला जाऊ.

तिथे फ्रान्स्वा मिंगो नावाचा एक कॅप्टन होता. क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लावण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. कैदेत असताना त्याला ही युक्ती सुचली आणि टेबलाच्या मोहाने त्याने शिक्षा वाढवून मागितली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडून द्या, पण टिपने खेळ बदलला हे नक्की. चामडं बॉलला धरतं, म्हणून बॉलला फिरकी देता येते. मिंगोने १८२७ साली पुस्तक काढलं आणि १८३० मध्ये लंडनला त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. भाषांतराच्या लांबलचक नावातच सांगितलं होतं की यात असाधारण, थक्क करणारे शॉट आहेत आणि युरोपातल्या बहुतेक राजांनी त्यांची वाहवा केली आहे. राजाला दाखवायचे शॉट आणि शिकणाऱ्याने घोटायचे शॉट, यांत फरक असतो मंडळी. हे पुस्तक पहिल्या प्रकारचं होतं.

पुढे १८३५ साली कोरिओलिसने लिहिलं. हो, वाऱ्याच्या दिशेबद्दल भूगोलात ज्याचं नाव येतं, तोच. फिरणारा, घसरणारा बॉल वळतो तेव्हा त्याचा मार्ग परवलयाचा असतो, हे त्याने गणिताने सिद्ध केलं. ग्रंथ मोठाच, पण तो वाचायला गणित हवं, आणि खेळायला येणाऱ्यांपैकी किती जणांना ते येत होतं?

अमेरिकेत १८५० साली मायकेल फेलनचं पुस्तक आलं. त्याचं नाव होतं ‘बिलियर्ड्स विदाउट अ मास्टर’, म्हणजे गुरूविना बिलियर्ड्स. गुरूशिवाय विद्या नाही असं मानणाऱ्या आपल्याला हे नाव धाडसी वाटेल. पण ज्याच्या गावात शिकवणारा कोणी नाही, त्यानेही हा खेळ शिकावा, ही इच्छा त्या नावात होती. याच फेलनने पुढे टेबलांचा मोठा धंदा उभारला. खेळणारे वाढले तर टेबलं खपणार, हा हिशेबही असणारच.

नाइन-बॉल हा त्यामानाने अलीकडचा, विसाव्या शतकातल्या अमेरिकेचा खेळ. डाव झटपट संपतो, म्हणून पैजेला सोयीचा. आणि इथेच गोम आहे. ज्याचं पोट पैजेवर चालतं, तो आपली विद्या का सांगेल? ती हातची राखली गेली. शिवाय बराच काळ अमेरिकेत प्रतिष्ठेचा खेळ होता स्ट्रेट पूल. त्यात कोणताही बॉल निवडता येतो. विली मॉस्कोनीने १९५४ साली त्यात सलग ५२६ बॉल घातले होते. त्याचं शिकवणारं पुस्तक १९४८ चं, त्याच काळातलं. नाइन-बॉल मागेच राहिला. टीव्हीवर झटपट डाव शोभू लागले, १९८६ मध्ये ‘द कलर ऑफ मनी’ हा चित्रपट आला, तेव्हा कुठे तो पुढे आला.

दुसरी अडचण कागदाची. १९७८ साली रॉबर्ट बर्नने फार नेटक्या आकृत्यांचं पुस्तक काढलं. पण आकृतीत रेघ दिसते, वेग दिसत नाही. पांढरा हात-दीड हात पुढे न्यायचा, तर किती जोर लावायचा, हे रेघ कशी सांगणार? ती उणीव व्हिडिओ टेपने भरली. पॅट फ्लेमिंग या खेळाडूने १९८० च्या दशकात मोठे सामने चित्रित करून, जाणकारांच्या समालोचनासह विकायला सुरुवात केली. नंतर नाइन-बॉलच्या सरावाच्या टेपही आल्या. १९९५ मध्ये फिल कॅपेलने पद्धतशीर पुस्तक लिहिलं आणि पुढे नाइन-बॉलसाठी वेगळं. २००४ मध्ये डेव्हिड अल्सिआटोर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांचं पुस्तक आलं. अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेले शॉट त्यांनी सर्वांसाठी खुले केले.

त्यांनी लोकप्रिय केलेली एक गोष्ट बघा. पांढरा बॉल नुसता लोळत येऊन दुसऱ्याला साधारण अर्धा लागला, तर तो मूळ दिशेपासून सुमारे ३० अंशांत वळतो. तर्जनी आणि मधलं बोट इंग्रजी ‘व्ही’सारखं ताणून धरा, जवळपास तेवढाच कोन होतो. एक बोट मारण्याच्या दिशेला ठेवा, दुसरं बोट पांढऱ्याची वाट दाखवेल. गणित आता बोटांवर आलं!

आता आपल्याकडे. स्नूकर जन्मला जबलपूरला, १८७५ साली. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. पण आपली परंपरा क्लबची. तिथे गुण मोजणारा मार्कर असायचा आणि बहुतेकांचा पहिला गुरू तोच. पूलचं टेबल नंतर आलं, ते पार्लरमध्ये, तासाच्या भाड्याने. तिथे मार्कर नाही. इंदूर, बेळगाव, सुरत, कुठेही जा, मुलगा मोबाइलवर बघून शिकतो. फेलनचं स्वप्न असं पुरं झालं. पण मोबाइलवर जास्त काय चालतं? राजांना थक्क करणारेच शॉट! मिंगो परत आला आहे.

म्हणून साहित्य निवडताना तीन गोष्टी बघा. दोन्ही बॉल नेमके कुठे ठेवायचे, हे सांगितलं आहे का? पांढरा कुठे थांबायला हवा, ते सांगितलं आहे का? आणि दहापैकी किती जमले, हे मोजायला लावलं आहे का? बॉलची जागा पक्की करायला छिद्र पाडलेल्या कागदाला लावतात ती गोल चिकटपट्टी वापरा, स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळते. पार्लरवाल्याला आधी विचारा मात्र.

सुरुवात थांबवायच्या शॉटने करा. दोन्ही बॉल पॉकेटच्या सरळ रेषेत, मध्ये हातभर अंतर. पांढऱ्याला मध्याच्या किंचित खाली मारा. लागताक्षणी तो फिरकीविना घसरत असेल, तर जागीच थांबेल. अंतर वाढवलं की कापड उलटी फिरकी खातं, म्हणून आणखी खाली मारा. दहा वेळा करा आणि आकडा वहीत लिहा. भाड्याच्या त्या तासातली पहिली दहा मिनिटं एवढ्यासाठी काढून ठेवा.