दुष्काळातली उपकारस्तुती

आमच्याकडच्या जुन्या माणसांना एखादं साल विचारलं की ती आकडा सांगत नसत, दुष्काळ सांगत. आजीच्या आजोबांचा बाप्तिस्मा थोरल्या दुष्काळातला, म्हणजे १८७६ ते ७८ मधला. आजीचे वडील शाळेत जाऊ लागले ते १९०० च्या दुष्काळानंतर. नेवासे तालुक्यातल्या आमच्या मंडळीचा इतिहास लिहायला बसलं तर प्रत्येक प्रकरणाची सुरुवात पाऊस न पडण्यापासूनच करावी लागेल.

'दुष्काळात पोटासाठी बाटले' हे वाक्य आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आहे. आजीला त्याचा राग येत नसे. ती शांतपणे म्हणायची, "पोटासाठी गेलो असतो, तर पाऊस पडल्यावर माघारी आलो असतो." एवढं बोलून ती पुन्हा जात्याकडे वळायची. महार-मांगांना जिथे गावच्या विहिरीवर घागर लावता येत नव्हती, तिथे कुणीतरी त्यांच्या अंगणात बसून देवाचं नाव घेतलं, त्यांच्या हातचं पाणी प्यालं, त्यांच्या मुलींना पाटी-पेन्सिल दिली. आजीच्या मते आमचा विश्वास इथून सुरू झाला. धान्य तर सरकारी कामावरही मिळत होतं.

अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये नगरला आली. त्यांनी शाळा काढल्या, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला, पण खेड्यातल्या माणसाच्या कंठातून स्तुती निघाली ती कीर्तनामुळे. १८६० च्या दशकात नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ताची कथा पूर्वरंग-उत्तररंगासह, टाळ-मृदंगावर उभी केली. आजीच्या लहानपणी असं कीर्तन आलं की चार गावची माणसं कंदील घेऊन चालत येत. ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या माणसाला उभं राहून, टाळ वाजवून देवाचं नाव घ्यायला शिकवावं लागत नाही. साहेबाच्या चालीवर मात्र त्याची जीभ अडखळायची. नंतर नारायण वामन टिळकांची भजनं आली आणि आमच्या उपासनेला घरचा सूर मिळाला. मी परदेशी चालीवरची गीतंही आवडीने गातो, तरी टिळकांचं भजन लागलं की मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या पुस्तक मिटून गातात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पाळकपदाची दीक्षा १९०४ ची. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ते साताऱ्याला गेले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. देवावर भरवसा म्हणजे काय, हे सांगताना बहुतेक लोक टिळकांच्या या त्यागाचा दाखला देतात. आजी देत नसे. तिच्या लेखी भरवसा टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. नवऱ्याने पगार सोडला तेव्हा चूल कोण पेटवत होतं, असं ती विचारायची. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की वाचणारा चुकला तर ती पुढचं वाक्य सांगे. लक्ष्मीबाईंचा विश्वास एका दिवसात आला नाही. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या वर्षानुवर्षं दूर राहिल्या, रडल्या, भांडल्या, सोवळं पाळत त्याच्या घरी परतल्या आणि शेवटी स्वतःच्या मनाने प्रभूकडे आल्या. असा झगडून आलेला भरवसा मला सर्वांत खरा वाटतो.

केडगावच्या पंडिता रमाबाईंबद्दलही आजी भरभरून बोलायची. १८९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली मुक्तिसदनात आणल्या. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. ते हातावेगळं करूनच १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

हे सगळं ऐकलेलं. १९७२ चा दुष्काळ मी स्वतः पाहिला.

तेव्हाच्या आमच्या पाळकसाहेबांकडे सात-आठ गावं होती. सायकलच्या दांडीला पंप बांधलेला, कॅरिअरला धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं बायबल. त्यांचा पगार मंडळीच्या वर्गणीवर, आणि वर्गणी म्हणजे बहुतेक जोंधळाच. घरोघरी बायका दळायला बसताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकत, तिला 'पाळकाची मूठ' म्हणत. त्या वर्षी डबे रिकामे होते. पाळकसाहेब आणि पाळकबाई आमच्याबरोबर पाझर तलावाच्या कामावर आले. त्यांच्या हातांना सवय नव्हती, पहिल्या आठवड्यातच तळहात फुटले. पाळकबाई चिंधी बांधून खडी फोडायच्या आणि दुपारी सुट्टीत आमच्यासारख्या पोरांना झाडाखाली बसवून शब्बाथशाळेची वचनं पाठ करून घ्यायच्या.

१९७३ च्या सुरुवातीला हंगामाचा सण आला. पिकलेलं पहिलं धान्य, कोंबड्या, अंडी, भोपळे वेदीपाशी ठेवायचे, उपासना झाल्यावर अंगणात लिलाव करायचा आणि ते पैसे मंडळीच्या कामाला लावायचे, अशी आमची रीत. पंचांनी सण पुढे ढकलायचं ठरवलं. शेतात काडी नाही, ठेवणार काय? पाळकसाहेब म्हणाले, "पिकलं नाही ते मलाही दिसतंय. पण आपण आहोत ना अजून? तेवढ्याचे उपकार मानू."

त्या रविवारी मेजावर जे आलं ते मला अजून ओळीने सांगता येईल. कागदाच्या पुड्यांत दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी. मिलोचा लाल जोंधळा, वाटीभर. टँकरच्या पाण्याने भरलेली पितळेची लोटी. एका म्हातारबाबांनी गुरं विकल्यावर उरलेलं दावं आणलं होतं. माझ्या आईने ओच्यातून खडीचा एक तुकडा काढला, पदराने पुसला आणि सुकडीच्या शेजारी ठेवला. दिवसभर ती तेच पिकवत होती. कुणी हसलं नाही.

पाळकसाहेबांनी हबक्कूकाच्या पुस्तकाचा शेवट वाचला. अंजीर फुलत नाही, शेताने अन्न दिलेलं नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी संदेष्टा परमेश्वराच्या ठायी आनंद करतो, तो भाग. 'गोठ्यात' शब्दावर ते थांबले, कारण दाव्याचे मालक पहिल्याच बाकावर होते. मग त्यांनी पुढचं पूर्ण केलं आणि आम्ही टिळकांचं भजन म्हटलं. त्या दिवशी प्रवचन झालं नाही. मी त्यानंतर शेकडो प्रवचनं ऐकली असतील, चांगली चांगली, विद्वान माणसांची. पण स्तुती म्हणजे काय हे त्या वाचनाइतकं मला कुठे समजलं नाही. देवाने काय दिलं याचा हिशेब मांडून केलेली ती स्तुती नव्हती. हिशेब मांडला असता तर आम्ही सगळे घरीच बसलो असतो.

ते पाळकसाहेब दोन वर्षांनी बदलून गेले. आजी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत आजवरच्या सगळ्या पाळकांची नावं घ्यायची, आणि प्रत्येक नावामागे पाळकबाईंचं. कित्येक नावांची माणसं मी पाहिलेलीही नव्हती. आमेन लांबत जाई, जेवण थंड होई. तिला घाई करायची कुणाची छाती नव्हती.

पाळकाचे आभार मानायला आता आपल्याकडे शाल, श्रीफळ, गौरवपत्र असं सगळं आलं आहे, आणि मला ते आवडतंही. सन्मान झाला की त्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. पण कित्येक मंडळ्यांत पाळकाचा पगार तीन-तीन महिने मागे पडतो, हेही त्याच सत्काराला बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या गावचं पाळकघर गेल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी गळलं. पाळकबाईंनी भांडी लावून दिवस काढले, तक्रार केली नाही. यंदाच्या लिलावाचे पैसे आधी त्या पत्र्यांना लावावेत, असं मी पंचांना कळवलं आहे, आणि सणाला माझ्या वाट्याची जोंधळ्याची गोणी घेऊन मी गावी जाणार आहे.