डोहाचा पत्ता

कोकणात खाडीकाठी कुणी गरवायला बसलेला दिसला की हमखास विचारलं जातं, “काय लागतंय काय?” उत्तरही ठरलेलं: “छे, सकाळपासून काय नाय.” बाजूची पिशवी मात्र खालून ओली असते.

नदीवरची तऱ्हा वेगळी नाही. माशाचं नाव कुणीही सांगेल. तो कुठल्या डोहात, कुठल्या खडकाआड बसतो हे सांगताना माणूस अडखळतो. भारतातल्या गळाच्या शिकारीचा दोनशे वर्षांचा इतिहास बराचसा या अडखळण्याचा आहे.

विल्यम सायक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. 1824 पासून दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्या ओघात त्यानं मासेही टिपले. पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या मोठ्या खवल्यांच्या माशाला त्यानं शास्त्रीय नाव दिलं ते ‘खुद्री’. हे लॅटिन नव्हे, नदीकाठचं नाव; आपण या माशाला खडशी किंवा महसीर म्हणतो. त्याच्या यादीत कोळस आहे, शिंगाळा आहे, घोगरा आहे. ‘नुक्ता’ वाचताना क्षणभर थबकायला होतं, पण नाकाडावरची खोल खाच पाहिली की उलगडा होतो: हा तर आपला नकटा! शास्त्राच्या रिवाजानं या नावांपुढे सायक्सचं नाव आणि 1839 हे साल लागतं. नावं सांगणारे अर्थातच त्यात नाहीत.

पुढे साहेबांनी पुस्तकं लिहिली. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचं ‘द रॉड इन इंडिया’ 1873 साली मंगळुरात छापलं गेलं.  1948 मध्ये मॅकडोनाल्ड यांचं महसीरवरचं पुस्तक मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनं काढलं. त्यात कुठल्या प्रांतात कुठली नदी धरावी याची माहिती होती. बदलून आलेल्या साहेबाला एवढ्यावर नदी गाठता येई. डोह दाखवायला गावातलाच माणूस लागे.

कावेरीवर हे फार ठळक दिसलं. तिथल्या गळवाल्यांच्या शिबिरांत पाहुण्याला गोल टोपलीसारख्या होडीतून नेणारे, नाचणीच्या उकडलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा गळाला लावून देणारे वाटाडे आसपासच्या गावांतले. त्यांच्यातले काही पूर्वी याच पाण्यात चोरून मासे मारत. डोहांची खडान्‌खडा माहिती त्यांना असणारच! मासा धरायचा, तोलायचा आणि परत सोडायचा, असा तिथला नियम होता.

दरम्यान 1970च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खुद्रीची कृत्रिम पैदास साधली. तिथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता. पण कावेरीत मूळचा वेगळाच महसीर होता, पाठीला कुबड आणि पर नारिंगी. खुद्रीचे पर निळसर. गळवाले दोघांना परांवरूनच ओळखत.

कावेरीकाठच्या गलीबोर शिबिरात नोंदी ठेवल्या जात: गळ किती तास पाण्यात होता, काय लागलं, वजन किती. 1998 ते 2012 या काळातल्या या नोंदी संशोधकांनी 2015 मध्ये तपासल्या, तेव्हा निळे पर वाढत गेलेले आणि नारिंगी जवळजवळ संपलेले दिसले. तोवर त्या कुबडवाल्या माशाला पक्कं शास्त्रीय नावही नव्हतं. 2018 मध्ये तो ‘टोर रेमादेवी’ असल्याचं निश्चित झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. मुळा-मुठेच्या खुद्रीला मात्र संकटग्रस्तांतून वगळलं गेलं.

गलीबोर ज्या अभयारण्यात आहे, तिथं गळांवर बंदी आली तशी शिबिराची वहीही थांबली. 2012 नंतरचे रकाने कोरे आहेत.