मर्चंट की हजारे? तुलनात्मक विषय निवडणाऱ्यांसाठी

पेट पास झाल्यावर सिनॉप्सिसची गडबड सुरू होते आणि दर दोन-चार विद्यार्थ्यांमागे एकाचा विषय ‘अमुक आणि तमुक : एक तुलनात्मक अभ्यास’ असा असतो. दोन समाजसुधारक, दोन कादंबरीकार, दोन संस्थानिक. गाईड विचारतात, “तुलना कशासाठी?” आणि आपण गप्प बसतो. खरं तर प्रश्न रास्त आहे. तुलना ही पद्धत आहे, विषय नाही. त्यातून काहीतरी कळलं पाहिजे, जे एकेकट्या माणसाचा अभ्यास करून कळलं नसतं.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक उदाहरण घेतो. अहमदपुरात कुठल्याही चहाच्या टपरीवर सचिन की विराट हा वाद ऐकायला मिळतो. तसाच एक वाद ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईत रंगला होता : विजय मर्चंट की विजय हजारे?

आधी सगळ्यांत सोपा पुरावा, म्हणजे आकडे. मर्चंट यांनी 10 कसोटी सामन्यांत 859 धावा केल्या, सरासरी 47.72. हजारे यांनी 30 कसोटींत 2192 धावा केल्या, सरासरी 47.65. फरक किती? 0.07. म्हणजे सरासरीला विचारलं तर ती सांगते की दोघं सारखेच. इथं पुष्कळ जण टेबल तयार करून मोकळे होतात. आपण टेबलाच्या आत जाऊ.

मर्चंट 18 डाव खेळले आणि एकदाही नाबाद राहिले नाहीत. हजारे 52 डाव खेळले, त्यातले 6 वेळा नाबाद. सरासरी काढताना भागाकार बाद झालेल्या डावांनी करतात, खेळलेल्या डावांनी नाही. 2192 ला 52 नं भागलं तर 42.15 येतात. मर्चंट मात्र 47.72 वरच राहतात. भागाकार बदलला की निकाल बदलतो! लगेच मर्चंट जिंकले असं म्हणू नका हां. नाबाद राहणं हा काही दोष नाही, पाठीमागचे गडी भराभर बाद झाले की फलंदाज नाबाद राहतोच. आकडा कुठल्या व्याख्येवर उभा आहे हे न तपासता तो प्रबंधात घालायचा नाही, एवढंच इथं सांगायचंय.

आता दुसरं. मर्चंट यांच्या दहाही कसोटी इंग्लंडविरुद्धच्या आहेत : 1933-34 मध्ये तीन, 1936 मध्ये तीन, 1946 मध्ये तीन आणि 1951 मध्ये एक. अठरा वर्षांत दहा कसोटी. हजारे यांचा कसोटी प्रवेश 1946 मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी झाला आणि पुढच्या सात वर्षांत ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडीज आणि पाकिस्तान अशा चार संघांविरुद्ध खेळले. असं का झालं? 1936 ते 1946 या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं. मर्चंट यांचं पंचविशीपासून पस्तिशीपर्यंतचं वय, म्हणजे फलंदाजाची ऐन उमेदीची वर्षं, त्यात गेली. हजारे यांचीही गेली, पण पुढं खेळायला शरीर साथ देत होतं. मर्चंट यांना 1947-48 चा ऑस्ट्रेलिया दौरा प्रकृतीमुळं सोडावा लागला. त्याआधी 1932 चा इंग्लंड दौराही त्यांनी केला नव्हता. गांधीजी आणि इतर नेते तुरुंगात असताना दौऱ्यावर जायचं नाही अशी भूमिका घेणाऱ्यांत एल. पी. जय यांच्याबरोबर मर्चंट होते. भारताची पहिली कसोटी त्याच दौऱ्यात झाली. ‘कमी कसोटी खेळले’ या तीन शब्दांच्या मागं एक आंदोलन, एक महायुद्ध आणि एक आजारपण आहे. क्रीडा पत्रकाराला 10 हा आकडा पुरतो, इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरायला नको.

मग कसोटी सामने नव्हते तेव्हा हे लोक खेळत कुठं होते? रणजी करंडकात, आणि मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत. या स्पर्धेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या तुलनेचा जीव इथं आहे.

युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यांपासून सुरुवात झाली. 1907 मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. 1912 मध्ये मुस्लिम आले, चौरंगी झाली. 1937 मध्ये ‘रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’, आले आणि पंचरंगी झाली. संघ धर्मावर. मर्चंट हिंदूंच्या संघात. हजारे सांगलीचे, पण मराठी ख्रिस्ती, म्हणून ‘उरलेल्यां’च्या संघात. हिंदूंच्या संघात एकाहून एक फलंदाज होते. उरलेल्यांकडं हजारे होते आणि बाकी जे मिळतील ते. कोण कुणाच्या साथीनं खेळणार हे खेळानं नाही, जन्मानं ठरलेलं.

1943-44 च्या हंगामात काय घडलं बघा. या स्पर्धेतला वैयक्तिक उच्चांक मर्चंट यांच्या नावावर होता, नाबाद 243. हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध 248 करून तो मोडला. ब्रेबोर्न स्टेडियमवर अंतिम सामना झाला, हिंदू विरुद्ध रेस्ट, आणि मर्चंट यांनी नाबाद 250 करून उच्चांक परत घेतला. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव 133 वर आटोपला होता. फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावात हजारे यांनी एकट्यानं 309 धावा केल्या. संघाच्या एकूण धावा किती? 387. म्हणजे जवळजवळ 80 टक्के धावा एका माणसाच्या. त्यांचे भाऊ विवेक हजारे यांच्याबरोबर 300 धावांची भागीदारी झाली, त्यात विवेक यांच्या धावा 21! तरीही रेस्ट एक डाव आणि 61 धावांनी हरले. त्याच हंगामात रणजीमध्ये मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 केल्या आणि भारतीय फलंदाजाचा सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम आपल्याकडं घेतला. तो आधी कुणाचा होता? हजारे यांचाच, 1939-40 मधला नाबाद 316.

आता 250 मोठे की 309? स्कोअरकार्ड सांगतं 309. सामन्याचा निकाल सांगतो 250. मला विचाराल तर प्रश्नच वेगळा हवा : या दोन खेळी कुठल्या परिस्थितीत उभ्या राहिल्या? एक भक्कम संघाचा आधार असताना, दुसरी कुणाचाच आधार नसताना. आणि तो आधार असणं-नसणं धर्मावर आधारलेल्या संघरचनेतून आलेलं होतं. इथं आपली तुलना दोन माणसांची राहत नाही, ती एका व्यवस्थेबद्दल बोलू लागते. तुमचा गाईड जे ‘कशासाठी’ विचारतो त्याचं उत्तर हेच.

या स्पर्धेला विरोधही होता. डिसेंबर 1940 मध्ये गांधीजींनी जातीय संघांच्या क्रिकेटविरुद्ध जाहीर मत दिलं. तरी मैदानं भरत राहिली. 1945-46 च्या हंगामानंतर मात्र स्पर्धा बंद पडली. गर्दी करणारे सगळे जातीयवादी होते असं समजून लिहिणं सोपं आहे, पण हजारे यांच्या 309 ला टाळ्या वाजवणाऱ्यांत हिंदू प्रेक्षक नव्हतेच असं कोण म्हणेल?

दोघांची घरंही बघायला पाहिजेत. मर्चंट यांचं मूळ आडनाव ठाकरसी, मुंबईतलं गिरणीमालक गुजराती घराणं. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला, तो ‘मर्चंट’ सांगितला आणि तेच आडनाव म्हणून चिकटलं अशी गोष्ट सांगतात. (गोष्ट छान आहे, पण अशी गोष्ट वापरताना ‘सांगतात’ हा शब्द गाळायचा नाही.) हजारे शिक्षकाचे चिरंजीव. त्यांचं क्रिकेट संस्थानिकांच्या आश्रयानं वाढलं, ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं आणि पुढं ते बडोद्याचे झाले. एकाला खेळण्यासाठी नोकरीची गरज नव्हती, दुसऱ्याचं खेळणं हीच नोकरी. मर्चंट यांची प्रथम श्रेणी सरासरी 71 च्या वर आहे, दीर्घ कारकीर्द असलेल्यांत ब्रॅडमन यांच्या खालोखाल. हजारे यांची 58 च्या आसपास, पण त्यांच्या नावावर 595 बळीही आहेत. ब्रॅडमन यांचा त्रिफळासुद्धा त्यांनी उडवलाय. फलंदाजीची सरासरी हे बळी मोजत नाही.

माझा कल हजारे यांच्याकडं आहे, लपवत नाही. ॲडलेड, जानेवारी 1948 : फॉलोऑन मिळालेल्या सामन्यात 116 आणि 145. लीड्स, 1952 : दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद, आणि कर्णधार हजारे येऊन 56 करून जातात. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला तोही त्यांच्या नेतृत्वाखाली. अडचणीतल्या डावाला जास्त वजन द्यायचं हा माझा निकष. तुमचा वेगळा असू शकतो. फक्त तो सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर लिहा, निष्कर्षात नको. निकष शेवटी आला की तो आवडत्या माणसासाठी शिवलेला अंगरखा वाटतो.

हीच पद्धत आपल्याकडच्या विषयाला लावून बघा. लातूर जिल्ह्यात रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांसारखे पैलवान होऊन गेले. दोन पैलवानांची तुलना करायची तर तालीम कुणाची, खुराकाचा खर्च कोण करायचं, जत्रेतल्या कुस्तीची नोंद कोण ठेवायचं इथून सुरुवात करावी लागेल. तिथं स्कोअरकार्ड नाही, त्यामुळं काम जास्त आहे आणि म्हणूनच करण्यासारखं आहे.

जाता जाता एक सामना सांगायचा राहिला. नोव्हेंबर 1951, दिल्ली, इंग्लंडविरुद्ध. चाळिशीतले मर्चंट पाच वर्षांनी कसोटी खेळायला उतरले आणि 154 करून गेले. तेव्हापर्यंत कसोटीत कुठल्याच भारतीयानं एवढ्या धावा केल्या नव्हत्या. त्याच डावात समोरच्या टोकाला हजारे होते. ते नाबाद राहिले, 164 वर. क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांचा खांदा दुखावला आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली.