एटीव्हीचे इंजिन बंद का पडते : कारणमीमांसा आणि तपासणीचा क्रम

रुंद आणि कमी हवेच्या चार टायरांवर वाळू, चिखल, दगडधोंडे तुडवत जाणारी एटीव्ही अलिबागजवळच्या नागावसारख्या किनाऱ्यांवर पर्यटकांच्या ओळखीची झाली आहे. या गाड्यांबाबत नेहमी ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘चालता चालता बंद पडते’. त्यावर बहुतेक वेळा आधी प्लग बदलतात, मग कार्बोरेटर साफ करतात, मग कॉइल नवी टाकतात. खर्च होतो, दोष तसाच राहतो. प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा असा की, इंजिन कसे बंद पडते, केव्हा बंद पडते आणि पुन्हा केव्हा सुरू होते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून दोषाचे क्षेत्र निश्चित होते. पाना हातात घ्यायचा तो त्यानंतर. येथे एक सिलिंडर, चार स्ट्रोक आणि कार्बोरेटर असलेली गाडी प्रमाण मानली आहे.

१. इंजिनाच्या गरजा

इंजिन चालू राहण्यासाठी चार गोष्टी लागतात : हवा व पेट्रोलचे योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी, पुरेसे कॉम्प्रेशन आणि जळालेल्या वायूला मोकळी वाट. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा कमी पुरते. म्हणून जुन्या सेटिंगच्या कार्बोरेटरमध्ये हे पेट्रोल वापरले की मिश्रण किंचित पातळ होते.

आयडलिंगला, म्हणजे मिनिटाला साधारण १,२०० ते १,६०० फेऱ्यांवर, इंजिनाजवळ शक्तीची शिल्लक फारच थोडी असते. रेस दिल्यावर झाकला जाणारा दोष येथे उघडा पडतो. त्यामुळे ‘रेसवर ठीक चालते’ एवढ्यावरून गाडी निर्दोष ठरत नाही.

२. बंद पडण्याची रीत

ठिणगी तुटली तर इंजिन किल्ली फिरवल्यासारखे एकदम थांबते. पेट्रोल कमी पडले तर आधी पिकअप जातो, इंजिन आचके देते आणि मग विझते. पेट्रोल जास्त झाले तर आवाज जड होतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि प्लग काजळीने काळा आणि पेट्रोलने ओला निघतो.

पातळ आणि जाड मिश्रणातला फरक चोकने कळतो. इंजिन गडगडू लागताच चोक अर्धा ओढावा. सुधारले तर मिश्रण पातळ आहे : स्लो जेटमध्ये कचरा आहे किंवा कार्बोरेटर व हेड यांमधला रबरी जोड चिरून इंजिन बाहेरून हवा घेत आहे. आणखी बिघडले तर मिश्रण जाड आहे : एअर फिल्टर वाळूने बुजला आहे किंवा फ्लोटची सुई नीट बसत नसल्याने पेट्रोल ओव्हरफ्लो होत आहे. स्लो जेटचे भोक जेमतेम ०.४ मिलिमीटरचे असते. काही आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल उडून मागे राहिलेला चिकट थर तेवढे भोक सहज बुजवतो.

३. बंद पडण्याची वेळ

(अ) काही मिनिटे चालून बंद, थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू : संशय प्रथम टाकीच्या झाकणावर घ्यावा. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा टाकीत शिरली पाहिजे. अनेक एटीव्हींत झाकणावरून एक बारीक नळी हँडलच्या मध्यात खोचलेली असते. ती चिखलाने बुजली किंवा दुमडली की टाकीत निर्वात निर्माण होतो आणि धार तुटते. गाडी बंद पडताच झाकण सैल करावे. ‘फुस्स’ आवाज होऊन हवा आत गेली आणि इंजिन सुरू झाले, तर निदान पूर्ण झाले.

(आ) तापल्यावर बंद, निवल्यावर सुरू : येथे दोन संशयित आहेत. पिकअप कॉइलमधली तुटकी तार उष्णतेने प्रसरण पावून वेगळी होते, तेव्हा ठिणगी पूर्ण जाते. दुसरा संशयित टॅपेट. अंतर कमी उरले असेल, तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि गाडी रेसवर चालूनही आयडलिंगला विझते. टॅपेटचे अंतर थंड इंजिनावरच, फिलर गेजने, पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहावे.

(इ) न्यूट्रलमध्ये ठीक, गिअर टाकताच किंवा थांबताना बंद : कार्बोरेटरला हात लावू नये. क्लच सुटत नाही, त्यामुळे चाकांचा भार आयडलिंगवर येतो.

(ई) पाण्यातून गेल्यावर बंद : प्लगची टोपी, किल स्विचचे जोड आणि एअर बॉक्स तपासावा. सिलिंडरमध्ये पाणी गेल्याची शंका असेल, तर प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

४. तपासणीचा क्रम

बंद पडल्यानंतरची पहिली दोन मिनिटे सर्वांत मोलाची, कारण इंजिन निवले की पुरावा नाहीसा होतो. प्रथम किल स्विच आणि चालकाच्या मनगटाची सुरक्षा दोरी पाहावी. मग टाकीचे झाकण आणि पेट्रोल कॉक. त्यानंतर ठिणगी : प्लग काढून, टोपीत बसवून, त्याची कड प्लगच्या भोकापासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावी आणि सेल्फ मारावा. जवळ सांडलेले पेट्रोल नसावे. ठिणगी निळसर आणि कडक असावी. पिवळट, अधूनमधून येणारी ठिणगी दोष दाखवते.

ठिणगी ठीक असेल, तर कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि उजेडात धरावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. इथेनॉल पाणी शोषते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि पेट्रोल कॉक तिथूनच ओढतो. अशा वेळी टाकी पूर्ण रिकामी केल्यावाचून इलाज नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि गाडी चालवून पाहावी. प्लग आणि जेट एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवताच पेट्रोल पंपाचा क्षणभर घरघराट येतो का, हे आधी ऐकावे. बॅटरी थांबलेल्या अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवते. चार्जिंग कमी असेल तर पंप, ठिणगी आणि कंट्रोल युनिट एकदमच दगा देतात.

५. निष्कर्ष

हा दोष केवळ गैरसोयीचा नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या बहुतेक एटीव्हींत इंजिन थांबले की क्लच सुटतो आणि इंजिनाचा ब्रेक जातो. उतारावर नवख्या चालकाच्या हाती मग फक्त ब्रेकचा दांडा उरतो. म्हणून गाड्या भाड्याने देणाऱ्यांना आग्रहाची विनंती : प्रत्येक गाडीची नोंदवही ठेवा, ती कशी, केव्हा आणि कुठे बंद पडली ते त्याच दिवशी लिहा, आणि कारण सापडेपर्यंत ती गाडी पर्यटकाच्या हाती देऊ नका.