मूत्राशयाची शस्त्रक्रिया : हात आणि यंत्र

१८८७ सालीं जर्मनींतील कोलोन येथें बार्डेनहॉयर यांनीं कर्करोगानें ग्रासलेला मूत्राशय प्रथमच समूळ काढिला. रोगी थोड्याच दिवसांत दगावला. मूत्रास सुरक्षित वाट उरली नव्हती. १९५० मध्यें अमेरिकेच्या ब्रिकर यांनीं आंतड्याच्या तुकड्यानें ती वाट सुकर केली.

आतां शल्यवैद्य यंत्राचे हात दुरून हालवितो. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन तुलनेंत यंत्रानें रक्तस्राव घटला, वेळ मात्र वाढला. उपद्रव यंत्राकडे शेंकडा ६७, हाताकडे ६९. दोन वर्षें रोग न बळावलेले दोहोंकडे सुमारें ७२. कारण उघड आहे : बरेच उपद्रव आंतड्याच्या जोडकामांतून उद्भवतात, आणि तें काम टळत नाहीं.

पुसदकरांनो, यंत्र गमावलेला काळ परत देत नाहीं. लघवींत रक्त दिसतांच, वेदना नसल्या तरी, संकोच सोडून तपासणी करून घ्यावी.