घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का?

डॉक्टर हा प्रश्न विचारतात तेव्हा तुम्हाला वाटत असेल, 'त्रास मला होतोय, मग आजोबा-आत्याची चौकशी कशाला?' या साध्या प्रश्नातून एक आजार जगाला कसा कळला, ते आज पाहू.

नंदुरबारहून रेल्वेने पश्चिमेकडे निघालात की सुरत येतं. डॉ. नोशीर वाडिया यांचा जन्म तिथे १९२५ साली झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले. पुढे इंग्लंडमध्ये मेंदूविकारांचं प्रशिक्षण घेऊन ते परतले आणि १९५७ पासून जे. जे. रुग्णालयात रुग्ण तपासू लागले. तेव्हा ना सीटी स्कॅन होता, ना एमआरआय, ना जनुकांची तपासणी. रुग्णाला नीट पाहणं, त्याचं म्हणणं ऐकणं आणि टिपून ठेवणं, यावरच भर होता.

नऊ घराणी

त्यांच्याकडे काही रुग्ण आले. चालताना तोल जायचा, बोलणं अडखळायचं, हात थरथरायचे. अशा माणसाला लोक सहज दारुडा ठरवतात किंवा 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणून मोकळे होतात. वाडियांनी मात्र त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

हे वाचताना तुमची नजर एका शब्दावरून पुढच्या शब्दावर झटकन उडी मारते. या रुग्णांची नजर अशी उडी मारतच नव्हती, सावकाश सरकत होती. घरच्यांची चौकशी केली तर तोच त्रास वडिलांना, भावाला, आत्यालाही! १९७१ साली वाडिया आणि स्वामी यांनी अशा नऊ घराण्यांचा अभ्यास 'ब्रेन' या इंग्लंडच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि हा एक वेगळा आनुवंशिक आजार असल्याचं मांडलं.

पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी १२ व्या गुणसूत्रावरचं सदोष जनुक शोधून काढलं. त्यातला एक छोटा तुकडा वाजवीपेक्षा जास्त वेळा पुन्हा पुन्हा येतो. या आजाराला आज 'एससीए-२' म्हणतात. १९९८ मध्ये वाडियांनी जनुकशास्त्रज्ञांच्या सोबतीने सहा भारतीय घराण्यांचा अभ्यास त्याच 'ब्रेन'मध्ये मांडला. निदानासाठी संथ नजर किती महत्त्वाची, हाच त्याचा विषय होता. डोळ्यांनी टिपलेली खूण आणि प्रयोगशाळेतली तपासणी अशी जुळली.

डोळे आले, मग पाय लुळे

१९७१ मध्येच मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी काही मोठ्या माणसांचे पाय पोलिओसारखे लुळे पडले. दोन्हींचा संबंध आहे, हे वाडिया, इराणी आणि कतरक यांनी ओळखलं आणि १९७२ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगाला कळवलं. त्या साथीमागे एक नवा विषाणू होता. त्याला पुढे 'एंटेरोव्हायरस ७०' हे नाव मिळालं. म्हणून आज डोळे आले तर घाबरू नका, असा त्रास फारच क्वचित होतो. पण नंतर पायांतली ताकद गेली, तर 'मध्यंतरी डोळे आले होते' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

यात तुमचा वाटा

शोधनिबंधावर डॉक्टरांची नावं असतात, रुग्णांची नसतात. पण त्या नऊ घराण्यांनी आपल्या घरचा आजार लपवला असता, तर १९७१ चा तो निबंध झालाच नसता.

एससीए-२ मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. मात्र तोल सांभाळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम, गिळण्याची काळजी आणि पडू नये म्हणून घरात केलेले बदल यांचा उपयोग होतो. आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. जनुक तपासणी करायची की नाही, हे समुपदेशकाशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं.

आता एक काम करा. घरातल्या आजीजवळ बसा आणि तीन पिढ्यांत कोणाला कोणता आजार, कोणत्या वयात झाला, ते विचारून कागदावर लिहून ठेवा. आपल्या जिल्ह्यात आढळणाऱ्या सिकल सेलसारख्या आजारातही ही माहिती उपयोगी पडते. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना तो कागद सोबत आणा.