शालेय आरोग्यसेवेची वाटचाल : ठाणे जिल्हा व डोंबिवलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
दारिद्र्य, कुपोषण, स्थलांतर किंवा जन्मजात व्यंग यांमुळे ज्या बालकांचे आरोग्य धोक्यात असते, त्यांच्यापर्यंत शासन शाळेच्या माध्यमातून कितपत पोहोचले, हा शालेय आरोग्यसेवेच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
भारतात विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोदा शहरात झाली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार शालेय आरोग्यसेवा देशात जवळपास अस्तित्वातच नव्हती. पुढे १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमण्यात आली. तथापि दीर्घकाळ या सेवेचा भर तपासणीवरच राहिला. दोषाची नोंद होई. उपचाराचा भार मात्र बहुधा पालकांवरच पडे.

२०१३ नंतरचा टप्पा :
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वादींची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार गटांतील ३० स्थितींचा शोध घेणे आणि पुढील उपचार मोफत उपलब्ध करून देणे, हे त्याचे उद्दिष्ट ठरले. दोन आयुष डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करते. तपासणी उपचाराशी जोडली गेली, हे या टप्प्याचे महत्त्व होय.

डोंबिवलीचा संदर्भ :
कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महानगरपालिकेची रुग्णालये होत. परंतु मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६ ते १८ वयोगटातील लाभार्थी शासकीय व अनुदानित शाळांतील आहेत. दुसरीकडे शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असतात. परिणामी अशा शाळेत प्रवेश मिळालेले गरीब बालक त्याच प्रवेशामुळे आरोग्य पथकाच्या यादीबाहेर जाते. बांधकामावर वा वीटभट्टीवर आई-वडिलांसोबत फिरणारे शाळाबाह्य बालक तर दोन्ही याद्यांत नसते.

निष्कर्ष :
एका कायद्याने दिलेला हक्क दुसऱ्या योजनेच्या निकषामुळे अपुरा राहतो. त्यामुळे लाभार्थी ठरविताना शाळेच्या प्रकाराऐवजी बालकाची गरज हा निकष असावा. राखीव प्रवेशाची यादी आरोग्य पथकांना देणे, हे त्या दिशेचे पहिले व अल्पखर्चिक पाऊल ठरू शकेल.